प्रभाग चौदाचा निष्ठांक

येरळापुरात बासष्ट हजार घरांमध्ये 'आपुलकी'चं कार्ड होतं. ते फुकट होतं, आणि फुकट मिळालेली वस्तू परत करणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा होता. तृप्ती गवंडीला पगार मिळत होता तो एकाच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी: हे कार्ड खिशात आल्यामुळे गिऱ्हाईक खरंच आपलं होतं का?

२०४१ साली असा प्रश्न धसाला लावायची सोय उत्तम होती. 'आपुलकी'च्या अकरा दुकानांतली प्रत्येक खरेदी त्या त्या घराच्या कार्डावर नोंदली जायची. 'जिव्हाळा' नावाची संगणकप्रणाली त्या नोंदींवरून घराची चाल शिकायची. कुणाचा तेलाचा डबा किती दिवसांनी रिकामा होतो, कुणाच्या घरी गुरुवारी साबुदाणा लागतो, कुणाकडे पाहुणे आले की श्रीखंड जातं, हे तिला पाठ असायचं. त्यावरून ती पुढच्या खरेदीचा अंदाज बांधायची, आणि अंदाज खरा ठरला की घराला शंभरपैकी गुण द्यायची. कंपनीत त्या गुणांना 'निष्ठांक' म्हणत. निष्ठांक घसरला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढू लागलं असं समजून प्रणाली त्याच्या फोनवर काहीतरी चटकदार सवलत पाठवून द्यायची.

"कार्डवाली माणसं बिनकार्डवाल्यांच्या दुप्पट माल नेतात. आणखी काय पुरावा हवा?" हेमांगी साळगावकर म्हणाल्या. वडिलांच्या एका गाळ्यातल्या किराणा दुकानाची त्यांनी अकरा दुकानं केली होती, आणि कार्डाची कल्पना त्यांची स्वतःची होती.

"मॅडम, रोज देवळात जाणाऱ्याच्या कपाळाला गंध असतं," तृप्ती म्हणाली. "म्हणून रस्त्यावरच्या माणसाला धरून गंध लावलं तर तो भाविक होईल का? जे आपल्याकडे येतच होते, त्यांनीच आधी कार्ड घेतलं. म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी सहा हजार घरं निवडली. निम्म्यांच्या सवलती तीन महिने बंद केल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या."

"आणि?"

"शंभरात दोन घरांचा फरक. अठ्ठ्याण्णवांना सवलत मिळाली काय, न मिळाली काय, सारखंच. बहुतेकांकडे चार-चार दुकानांची कार्डं आहेत."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आकडे पुन्हा तपासा. आठ दिवसांत अहवाल द्या. माझं कार्ड पडलेलं मला त्यात बघायचं नाही."

आकडे पुन्हा तपासतानाच तृप्तीला प्रभाग चौदा दिसला.

प्रभाग चौदा म्हणजे विणकर वसाहत. यंत्रमागांचा खडखडाट, अरुंद गल्ल्या, दारासमोर सिमेंटचे कट्टे. तिथला निष्ठांक वर्षभर अठ्ठ्याहत्तरच्या आसपास होता आणि गेल्या बारा दिवसांत तो एकोणपन्नासवर आला होता. जवळपास नवं दुकान उघडलं असेल म्हणून तिनं चौकशी केली. उघडलं नव्हतं. मग तिनं नावं झाकून एकेका घराची खरेदी पाहायला सुरुवात केली. दोनशे अकरा घरांत गोडं तेल जाणं थांबलं होतं. पापड, फरसाण, मसाले थांबले होते. पण तीच घरं दुकानात येत होती. ग्लुकोजचे डबे, लिंबं, मोसंबी, फुटाणे आणि मुगाची डाळ घेऊन जात होती. तुटलेलं गिऱ्हाईक ग्लुकोज न्यायला कशाला येईल? आणि आपली शहाणी प्रणाली या सगळ्यांना रुसलेले समजून बाकरवडीवर सवलत पाठवत बसली होती.

तृप्तीला हसू आलं आणि लगेच विरलं. कॉलेजच्या वसतिगृहात असताना तिला कावीळ झाली होती. डोळे पिवळे व्हायच्या आधीचे आठ-दहा दिवस तिला नीट आठवत होते. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. फक्त खाणावळीतल्या फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं.

निष्ठा वगैरे काही घसरली नव्हती. प्रभाग चौदाचं यकृत आजारी पडलं होतं.

आणि प्रभाग चौदात तिचा दादा राहत होता. वहिनीला सातवा महिना होता. रविवारी तिचं डोहाळेजेवण होतं.

रविवारी कोमलवहिनी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. पुढ्यात पाच भाज्या, पुरणपोळी, गरम भजी. वहिनीनं पुरणपोळी मिटक्या मारत खाल्ली आणि भज्यांची वाटी हळूच बाजूला सारली.

तृप्तीनं पुढे वाकून विचारलं, "वहिनी, भजी नकोत?"

"तळलेल्याचा वास नको वाटतो हो तृप्तीताई. जळजळतं."

"किती दिवस झाले?"

"अहो, सहाव्यापासून. माहेरी तर आई नुसती पेज द्यायची. परवाच तर आले मी, दीड महिन्यानं."

तृप्तीनं मोजलं. दीड महिना ही इथं नव्हती. इथलं पाणी तिच्या पोटात जाऊन दोनच दिवस झाले होते. तिनं दादाला आत स्वयंपाकघरात ओढलं.

रणजित गवंडी पाणीपुरवठा विभागात उपअभियंता होता. प्रभाग चौदाची नवी जलवाहिनी त्यानं उन्हातान्हात उभं राहून घातली होती, आणि पहिलं पाणी आलं त्या दिवशी वसाहतीनं त्याला फेटा बांधला होता. तृप्तीचं ऐकता ऐकता त्याचा चेहरा आक्रसत गेला.

"कावीळ? माझ्या लाइनीतून?" त्यानं फोन पुढे धरला. "हे बघ. रोजचे नमुने. क्लोरीन अगदी हवं तेवढं. आजपर्यंत एक नमुना नापास नाही."

"दोनशे अकरा घरं, दादा. मी नकाशावर मांडून पाहिली. सगळी तुझ्याच लाइनीवर आहेत. पलीकडच्या गल्लीला जुनी लाइन आहे, तिथं एकही नाही."

"मग लोकांनी तेल सोडलं असेल. बातम्यांत कुणी डॉक्टरनं सांगितलं असेल तेल खाऊ नका म्हणून. तुझं दुकान आता माणसांची पोटंही मोजायला लागलं का गं?" तो दबक्या आवाजात पण कडवट बोलला. "घरात कार्य आहे. हा विषय इथं नको."

"वहिनीला उकळलेलं पाणी दे. एवढं तरी ऐक."

"तुझ्या समाधानासाठी देतो," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

सोमवारी सकाळी ती महापालिकेच्या आरोग्य अधिकारी डॉ. नसीम मुल्ला यांच्या समोर बसली होती. डॉक्टरांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"माझ्याकडे काविळीचे चारच रुग्ण आलेत. तिघं चौदामधले," त्या म्हणाल्या. "हा पाण्यातून येणारा 'ई' प्रकार असेल तर त्याची एक खोड आहे. विषाणू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला महिना-दीड महिना लागतो. तुमच्या या घरांनी महिन्यापूर्वी प्यालेलं पाणी आज बोलतंय. आज जे पितायत ते पुढच्या महिन्यात बोलेल. धडधाकट माणूस विश्रांतीनं बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच आजार शंभरात वीस-वीस बायका नेतो."

"मग आजच जाहीर करा ना."

"कशावर? फुटाणे जास्त खपले म्हणून? पाण्याचे नमुने चांगले आहेत. मला चार रुग्णांवर वसाहतीचं पाणी बंद करता येत नाही. आज रक्ताचे नमुने पाठवते, निकाल यायला पाच दिवस. तुमच्या कंपनीनं हे आकडे मला अधिकृतपणे दिले तर मात्र मी आज हलू शकते."

कंपनीनं दिले नाहीत. साळगावकर मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिच्याकडे पाठ करून बोलल्या. "तृप्ती, लोकांनी कार्ड घेतलं ते साखरेवर चार रुपये सुटावेत म्हणून. आपण त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावतो हे एकदा त्यांना कळलं की चौदाच काय, बासष्ट हजार कार्डं कचऱ्यात जातील. पाच दिवस थांबा. रक्ताचा निकाल येऊ दे."

"पाच दिवसांत तिथं दहा वेळा पाणी भरलं जाईल, मॅडम."

"मी नाही म्हणाले."

तृप्ती आपल्या टेबलापाशी आली. तिनं नोकरीच्या वेळी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. एकाही घराचं नाव बाहेर सांगायची तिला मुभा नव्हती. पण सवलतींचे संदेश पाठवायचा अधिकार तिचाच होता आणि त्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती. कुणाचं नाव बाहेर जाणार नव्हतं. आजारी घरं वेगळी काढायचीही गरज नव्हती. त्या जलवाहिनीवर कार्डाची तेवीसशे घरं होती, ती सगळी तिनं निवडली. मग बाकरवडीची जाहिरात पुसून तिथं लिहिलं:

'तुमच्या भागात कावीळ पसरत असावी, अशी आम्हाला शंका आहे. कशावरून? तुमच्या खरेदीवरून. अनेक घरांनी एकाच वेळी तेल-तिखट सोडलं आहे. शंका चुकीची ठरू शकते. तरी पिण्याचं, चूळ भरायचं पाणी खळखळ उकळून घ्या. घरात गरोदर बाई असेल तर आजच महापालिकेच्या दवाखान्यात जा.'

खाली कंपनीचं नाव घालायला तिचं मन धजेना. तिनं स्वतःचं पूर्ण नाव घातलं, स्वतःचा फोन नंबर घातला आणि बटण दाबलं.

पहिला फोन तीन मिनिटांत आला. पुढच्या दोन तासांत तिनं एकशे चाळीस फोन घेतले. काहींनी शिव्या घातल्या. एका बाईनं फक्त विचारलं, "माझ्या नवऱ्याला आठ दिवस जेवण जात नाही, ते हेच का?" चार वाजता मॅडमच्या कार्यालयातून कागद आला. तृप्ती गवंडी यांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं होतं. ती पर्स उचलून तशीच विणकर वसाहतीत गेली.

मंगळवारी दुपारी रणजित तिथं आला तेव्हा तृप्ती दारोदार फिरून पाणी कसं उकळायचं ते सांगत होती. त्याच्या हातात तपासणीची पेटी होती, डोळे लाल होते.

"अख्खं गाव मला विचारतंय, साहेब काय पाजलंत आम्हाला?" तो सगळ्यांदेखत ओरडला. "आत्ता पाणी सुटेल. सगळ्यांसमोर नमुना घेतो. मग तू सगळ्यांसमोर माफी मागायची."

"मागेन," तृप्ती म्हणाली.

गल्ली गोळा झाली. शकुंतला कोष्टी नावाच्या सत्तरीच्या आजींच्या दारातला नळ फुसफुसला, हवा ओकला आणि वाहू लागला. रणजित घड्याळाकडे पाहत उभा राहिला.

"घे की नमुना," तृप्ती म्हणाली.

"दहा मिनिटं वाहू द्यायचं असतं. नियम आहे. लाइन धुऊन निघाली की खरं पाणी येतं."

शकुंतलाआजी कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "दहा मिनिटं? अरे बाबा, पाणी येतं चाळीस मिनिटं. पहिल्या धारेला आम्ही हंडे लावतो. तुझं ते खरं पाणी येईस्तोवर आमचा पिण्याचा हंडा भरून आत गेलेला असतो."

रणजितनं घड्याळावरची नजर काढली. मग त्यानं पेटी उघडली. आजींच्या पहिल्या हंड्यातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असलं की ते पाणी पिवळं होतं. नळी पांढरीच राहिली. त्यानं दुसऱ्या घरचा हंडा तपासला, तिसऱ्या घरचा तपासला. पांढरी. पांढरी. दहा मिनिटांनी त्याच नळाचं पाणी घेतलं, ते हळदीसारखं पिवळं झालं.

तो कट्ट्यावर खाली बसला. पाण्याचा माणूस होता. त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी तो आपल्याशीच बोलल्यासारखा बोलू लागला, आणि तृप्तीला पहिल्यांदाच ते कोडं पुरतं कळलं. पाइपमध्ये पाण्याचा जोर असतो तोवर फुटका सांधा बाहेर गळतो. पुरवठा बंद झाला, पाइपातलं पाणी उताराला उतरू लागलं की आत पोकळी होते आणि तोच सांधा उलटा ओढायला लागतो. बाहेर जे असेल ते आत येतं. पुन्हा पाणी सुटलं की ते सगळं पहिल्या धारेबरोबर घराघरात जातं. आणि क्लोरीन मोजणारी माणसं त्यानंतर आलेलं स्वच्छ पाणी मोजून समाधानानं 'ठीक आहे' म्हणतात.

"उताराचं टोक रस्त्याखालच्या मोरीजवळ आहे," तो उठत म्हणाला. "मैलापाण्याचा नाला तिथूनच जातो. तृप्ते, चल."

त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर पुरवठा बंद केला, टँकर मागवले, आणि खणायला माणसं लावली. वसाहतीतले मागवाले पहारी घेऊन आले. बुधवारी सकाळी साडेदहाला, मोरीपासून चार फुटांवर, नव्या पाइपाच्या सांध्यातली रबरी कडी सरकलेली सापडली. भोवतालची माती काळी आणि ओली होती. डॉ. मुल्ला नाक दाबून वाकून बघत होत्या. रणजित खड्ड्यात उतरला आणि त्यानं तो सांधा दोन्ही हातांनी चाचपला.

"मीच बसवून घेतला होता हा," तो वर बघून बहिणीला म्हणाला. "मला तू रविवारी सांगितलंस."

"आणि तू मंगळवारी ऐकलंस. लोक वर्षं लावतात. चल, वर ये."

रक्ताचा निकाल शुक्रवारी आला. कावीळच होती, 'ई' प्रकारची. एकूण तीनशे अडुसष्ट माणसं आजारी पडली आणि सगळी बरी झाली. सोमवारचा तो संदेश वाचून एकोणतीस गरोदर बायका दवाखान्यात आल्या होत्या. त्यांतल्या तिघींना लागण झालेली सापडली. त्यांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात ठेवलं, आणि दीड महिन्यात तिघी आपापली बाळं घेऊन घरी गेल्या. त्यांतली एक शकुंतलाआजींची नातसून होती. कोमलवहिनीचं रक्त स्वच्छ निघालं. तिला मुलगी झाली, साडेतीन किलोची, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज असलेली.

पण त्याआधी, रक्ताचा निकाल आल्यावर लगेच, सभा झाली. ती साळगावकर मॅडमनीच बोलावली, विणकर वसाहतीच्या शाळेत. तृप्तीला वाटलं होतं, तिथं आपल्या नोकरीचा निकाल लागेल. मॅडम व्यासपीठावर चढल्या नाहीत. बाकांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मी या मुलीला गप्प बसायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिनं ऐकलं नाही म्हणून कामावरून दूर केलं. चूक माझी होती. उद्यापासून ती पुन्हा कामावर आहे. दाराशी टोपली ठेवली आहे. ज्यांना कार्ड परत करायचं असेल त्यांनी त्यात टाकावं. नोंदी पुसून टाकू."

शाळेत कुजबुज वाढली. एक तरुण उठून म्हणाला, "माझ्या घरात तेल किती लागतं ते तुम्हाला बघायचा हक्क कुणी दिला?"

मॅडमनी तृप्तीकडे पाहिलं. तृप्ती उठली. "कुणी नाही दिला," ती म्हणाली. "तुम्ही कार्डावर सही केलीत तेव्हा बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते कुणी वाचत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. तुमचा राग बरोबर आहे."

मग शकुंतलाआजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी कार्ड ठेवणार," त्या म्हणाल्या. "पण अट माझी. आमच्याबद्दल तुम्हाला जे दिसेल ते आधी आम्हाला सांगायचं. नाव कुणाचं घ्यायचं नाही. आणि त्या बाकरवड्या पाठवायच्या नाहीत. ओकाऱ्या होत होत्या तेव्हा रोज फोनवर बाकरवडी! जीव नको झाला होता."

सगळी शाळा हसली. मॅडमही हसल्या. अट तिथल्या तिथं मान्य झाली. टोपलीत एकेचाळीस कार्डं पडली.

दुसऱ्या दिवशी तृप्ती कामावर आली ती नवा प्रयोग घेऊनच. प्रभाग चौदातल्या सगळ्या सवलती बंद करायच्या. साखरेवर नाही, तेलावर नाही, कशावरच नाही. त्याऐवजी दुकानाच्या दारात दर सोमवारी फळा लावायचा: या आठवड्यात वसाहतीची तब्येत कशी दिसते. बाजूला डॉ. मुल्लांची सही. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाल्या. नशीब असं की पुढच्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीनं समोर भलंमोठं दुकान थाटलं आणि दारोदार फिरून आपली कार्डं वाटली. विणकर वसाहतीनं ती हसतमुखानं घेतली आणि फडताळात टाकली. तीन महिन्यांनी प्रभाग चौदाचा निष्ठांक एक्क्याण्णव होता. 'आपुलकी'च्या इतिहासात एवढा आकडा कुठंच लागला नव्हता. मॅडमनी तो दोनदा वाचला, आणि उरलेल्या साठ हजार घरांसाठीही फळे रंगवायला सांगितले.

माघात एका सकाळी प्रणालीनं प्रभाग नऊवर बोट ठेवलं. रात्रीपासून पाच घरांनी क्षारसंजीवनीची पाकिटं नेली होती. सव्वानऊला ती सात घरं झाली. तृप्तीनं साडेनऊला संदेश पाठवला, डॉ. मुल्लांना फोन केला आणि दादाला केला. रणजितची माणसं आता दर पाण्याला पहिल्या धारेचाच नमुना घेत होती. ती सव्वादहाला नळांपाशी पोचली. अकरापर्यंत नऊ घरांत पोटं बिघडली होती. दहावं घर बिघडलं नाही.

दीड वाजता तिचा फोन वाजला. मागे पंप चालू होता, माणसं एकमेकांना हाका मारत होती आणि रणजितला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"सापडला! टाकीजवळचा व्हॉल्व्ह होता. बदलला," तो म्हणाला. "जेवायला ये घरी. कोमलनं भजी केलीत."